हार्मोनशास्त्र घडवणारे रुग्ण

थायरॉइड, पिट्यूटरी, स्वादुपिंड, अधिवृक्क अशा अंतःस्रावी ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात. हे स्राव म्हणजे हार्मोन. रक्तातले त्यांचे प्रमाण अतिशय सूक्ष्म असते. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये किरणोत्सारी इन्सुलिन वापरून मोजणीची नवी पद्धत बसवली. तोपर्यंत बहुतेक हार्मोन रक्तात अचूक मोजण्याची सोयच नव्हती. तरीही त्याआधीच्या सत्तर-ऐंशी वर्षांत या शास्त्राचा पाया भक्कम झाला होता, आणि त्याचे मोठे श्रेय रुग्णांकडे जाते. निरोगी शरीरात हार्मोन आपले काम मुकाट्याने करत असते. ते नाहीसे झाले किंवा बेसुमार वाढले की मग त्याचे काम डोळ्यांसमोर येते. प्राण्यांची ग्रंथी काढून प्रयोग करता येतो, माणसाची निरोगी ग्रंथी कोणी काढणार नाही. म्हणून जगावेगळी तक्रार घेऊन आलेला एखादाच रुग्ण पाठ्यपुस्तकातले प्रकरण बदलून टाकतो. या शाखेत असे अनेकदा घडले आहे.

थायरॉइडची गोष्ट इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराकडे ४६ वर्षांची एक बाई उपचारासाठी होती. तिला मिक्सिडिमा झाला होता. या आजारात चेहरा आणि हातपाय सुजतात, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, बोलणे आणि विचार मंदावतात, थंडी सोसवत नाही. त्या काळी त्यावर औषध नव्हते. रुग्ण हळूहळू खंगत जाई. मरे यांनी मेंढीची थायरॉइड ग्रंथी ग्लिसरिनमध्ये भिजवून तिचा अर्क काढला आणि तो बाईच्या कातडीखाली टोचला. काही आठवड्यांत सूज उतरली, बोलण्यात वेग आला, हालचाली मोकळ्या झाल्या. पुढे हाच अर्क तोंडाने दिला तरी चालतो हेही कळले. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद मरे यांनी नंतर प्रसिद्ध केली. कमी पडलेले हार्मोन बाहेरून द्यायचे आणि जन्मभर देत राहायचे, ही उपचाराची रीत या एका रुग्णाने सिद्ध केली. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेणारे लाखो लोक आज त्याच रीतीवर चालतात.

एका रुग्णाने मार्ग दिसतो, पण गावेच्या गावे आजारी असतील तर पुरावाही तेवढ्याच मोठ्या पातळीवर लागतो. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होता. १९५६ मध्ये व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख वस्तीवर पाहणी सुरू केली. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एकात साधे. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत शाळकरी मुलांमधला गलगंड स्पष्टपणे घटला. साध्या मिठाच्या भागात तशी घट झाली नाही. मग तिथेही आयोडीन सुरू केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज घरोघरी असलेल्या आयोडीनयुक्त मिठामागे हा अभ्यास आहे. भारतीय वैद्यकीय संशोधनातले ते एक अतिशय मोलाचे काम आहे आणि शालेय पुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी.

थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा शोध अधिक वळणावळणाचा. या ग्रंथी साधारणपणे चार असतात आणि प्रत्येकीचे वजन जेमतेम ३० ते ४० मिलिग्रॅम. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये एक भारतीय गेंडा मेला. त्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला लागून एक लहानशी, पिवळसर, स्वतंत्र ग्रंथी दिसली. माणसातल्या या ग्रंथींचे नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे इवार सँडस्ट्रॉम यांनी केले. तरी त्यांचे काम काय, हे पुढे कितीतरी वर्षे धूसरच राहिले. हाडे पोकळ होऊन मोडणाऱ्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी वाढलेली आढळे. पण हाडांच्या आजाराला तोंड देण्यासाठी ग्रंथी वाढली असावी, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा कल होता.

हा समज व्हिएन्नात उलटला. फेलिक्स मांडल या शल्यचिकित्सकाकडे एक ट्राम कंडक्टर उपचाराला आला होता. त्याची हाडे ठिसूळ झाली होती, चालणे अशक्य झाले होते. मांडल यांनी आधी प्रचलित मताप्रमाणे त्याला बाहेरून आणखी पॅराथायरॉइड दिली. गुण आला नाही. मग १९२५ मध्ये त्यांनी गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढून टाकली. लघवीतून जाणारे कॅल्शियम कमी झाले, वेदना थांबल्या, रुग्ण पुन्हा चालू लागला. ग्रंथीची वाढ हेच मूळ आणि हाडांची झीज हा तिचा परिणाम, हे त्यामुळे ठरले. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, हेही खरे. पण कार्यकारणाचा क्रम मात्र कायमचा सुधारला गेला.

त्याच सुमारास अमेरिकेत कॅप्टन चार्ल्स मार्टेल या जहाजावरच्या अधिकाऱ्याची परवड चालू होती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो विशीतला, सहा फुटांहून उंच, धडधाकट गडी होता. मग हाडे दुखू लागली, किरकोळ पडण्याने मोडू लागली, लघवीतून रेती जाऊ लागली. मणके दबत गेले आणि काही वर्षांत त्याची उंची सुमारे १८ सेंटिमीटरने घटली. तरुण माणूस स्वतःच्या कपड्यांत मावेनासा होण्याऐवजी त्यांत हरवू लागला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन ड्युबॉय यांनी रक्तातले वाढलेले कॅल्शियम पाहून पॅराथायरॉइडच्या अतिरेकी स्रावाचे निदान केले आणि त्याला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे पाठवले. तिथे त्याच्या आहारातले आणि मलमूत्रातले कॅल्शियम रोज मोजले जाई. कॅल्शियम आणि फॉस्फरस शरीरात कसे फिरतात, याविषयी त्या काळात जमलेली बरीच माहिती या वॉर्डातल्या अशा रुग्णांच्या मोजमापांतून आली.

शस्त्रक्रिया मात्र एकामागून एक वाया जात होत्या. गळा उघडायचा, दिसेल ती ग्रंथी काढायची, तपासल्यावर ती निरोगी निघायची. १९२६ ते १९३२ दरम्यान मार्टेलवर एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या. मधल्या काळात तो ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तके वाचत असे. गळ्यात गाठ नसेल तर ती छातीत असली पाहिजे, तिथे शोधा, असा आग्रह त्यानेच धरला, असे वैद्यकाच्या इतिहासात नोंदले आहे. त्याचा तर्क गर्भशास्त्राशी जुळणारा होता. खालच्या दोन पॅराथायरॉइड गर्भात थायमस ग्रंथीच्या सोबतीने तयार होतात आणि तिच्याबरोबर खाली सरकतात. कधी त्या गळ्यात न थांबता थेट छातीत उतरतात. नोव्हेंबर १९३२ मध्ये एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांनी छातीचे मधले हाड फोडले. त्यामागे सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ सापडली. सगळी एकदम काढली तर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत कोसळेल, म्हणून त्यांनी तिचा थोडा भाग रक्तवाहिनीसह मागे ठेवला. तरीही कॅल्शियम उतरून हातापायांना पेटके येऊ लागले. ते आटोक्यात आणता आले, पण मूत्रपिंडे मुतखड्यांनी आधीच जर्जर झाली होती. जवळपास सहा आठवड्यांनी मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यावर उपचार चालू असताना मार्टेल गेला.

त्याच्याकडून शल्यचिकित्सकांना जे शिकायला मिळाले त्याचा फायदा पुढच्या रुग्णांना लगेच झाला: ग्रंथी कुठे कुठे असू शकतात, कोणत्या क्रमाने शोधाव्यात, काढल्यावर कॅल्शियम कसे सांभाळावे. आज हा आजार बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, हाडे मोडण्याच्या कितीतरी आधी सापडतो. स्कॅनवर गाठीची जागा दिसते आणि अनुभवी हातांनी केलेली एकच शस्त्रक्रिया सहसा पुरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुके वाचता येऊ लागली आणि विरळ रुग्णांचे मोल आणखी वाढले. हार्मोन पेशीपर्यंत पोहोचले म्हणजे काम झाले असे नसते; पेशीत त्याला ओळखणारे ग्राही लागते. कुलूप बिघडले तर किल्ल्यांचा जुडगा असूनही दार उघडत नाही. १९९४ मध्ये एरिक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला २८ वर्षांचा पुरुष हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. एक्स-रेमध्ये हाडांच्या टोकांच्या वाढचकत्या उघड्या होत्या. हाडांचे वय पंधरा वर्षांच्या मुलाएवढे. गुडघे एकमेकांकडे वळलेले, हाडांची घनता फार कमी. दाढी, आवाज, जननेंद्रिये सर्व पुरुषाला साजेसे आणि टेस्टोस्टेरॉन सामान्य. रक्तात इस्ट्रोजेन मात्र चढलेले होते. बाहेरून आणखी इस्ट्रोजेन देऊन पाहिले, शरीराने त्याची दखलच घेतली नाही. आईवडिलांकडून मिळालेल्या इस्ट्रोजेन-ग्राहीच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड होता.

हा रुग्ण सापडेपर्यंत दोन गोष्टी गृहीत धरल्या जात. इस्ट्रोजेनच्या ग्राहीशिवाय गर्भ तगणार नाही, ही एक. आणि मुलग्यांची उंची थांबवण्याचे, हाडे बळकट करण्याचे काम टेस्टोस्टेरॉन करते, ही दुसरी. दोन्ही या एका माणसाने खोट्या ठरवल्या. थोड्याच काळात उलट बाजूचे रुग्णही सापडले: ग्राही शाबूत, पण टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवणारे अ‍ॅरोमटेज हे विकर निकामी. अशाच एका ३८ वर्षांच्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊन काहीच फरक पडला नव्हता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार इस्ट्रोजेनचे पट्टे लावल्यावर त्याच्या वाढचकत्या काही महिन्यांत मिटल्या आणि हाडांची घनता वाढली. पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागते हे दोन रुग्णांनी दोन बाजूंनी दाखवले, आणि शंकेला जागा उरली नाही. पुरुषांमधल्या हाडांच्या विरळपणाकडे पाहण्याची दृष्टी तेव्हापासून पालटली.

लेप्टिनची हकिकत याच काळातली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने अफाट लठ्ठ होणाऱ्या उंदरांतले सदोष जनुक शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन हे हार्मोन सोडतात. साठा पुरेसा आहे हे मेंदूला त्यावरून कळते आणि भूक आवरते. माणसात त्याला महत्त्व आहे का, हा प्रश्न खुला होता. १९९७ मध्ये केंब्रिजमधल्या स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन चुलत-मावस भावंडांचे वर्णन केले. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. जन्मतः दोघांचे वजन नेहमीसारखे होते. भूक मात्र पहिल्या काही महिन्यांपासूनच कशानेही भागत नव्हती. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. जनुकातले एकच अक्षर गळले होते.

त्या मुलीला वयाच्या नवव्या वर्षी रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू केले, तेव्हा वजन ९४.४ किलो होते. वजनाने पाय वाकले होते, चालणे जड झाले होते, पायांवर शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. वर्षभरात १६.४ किलो वजन उतरले आणि त्यात जवळजवळ सगळी चरबी होती. दुसऱ्या एका मुलाचे वजन तिसऱ्या वर्षी ४२ किलो होते. चार वर्षांच्या उपचारानंतर ते ३२ किलोंवर आले. अशा मुलांना आणि त्यांच्या आईबापांना आजवर हावरटपणाचा, लाडावल्याचा दोष दिला जाई. तो दोष किती अन्यायाचा होता, हे या आकड्यांनी दाखवून दिले. भूक ही मोठ्या प्रमाणात शरीरक्रिया आहे आणि ती केवळ मनोनिग्रहावर ठरत नाही.

मग लेप्टिन सगळ्या लठ्ठ लोकांना द्यावे, ही अपेक्षा साहजिक होती. मोठ्या चाचण्यांत ती पुरी झाली नाही. सामान्य लठ्ठपणात रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही. आणखी दिल्याने फार थोडा आणि बेभरवशाचा परिणाम दिसला. दुर्मीळ रुग्णावरून यंत्रणा कळते, त्यावरून सर्वांचा उपचार आपोआप ठरत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी करावीच लागते. लेप्टिनचा उपयोग पुढे शरीरात चरबीच नसलेल्या लायपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना झाला. अमेरिकेत २०१४ मध्ये त्यासाठी परवानगी मिळाली.

कधी रुग्णांचा अभ्यास भलत्याच आजाराचे औषध देऊन जातो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास या गावात काही बाळे मुली म्हणून वाढवली जात आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे होई. गावाला त्याची सवय होती, अशा मुलांसाठी तिथल्या बोलीत खास शब्दही होता. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये कारण सांगितले: टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे विकर या मुलांत कमी पडते. गर्भात बाह्य जननेंद्रिये घडवायला हे दुसरे हार्मोन लागते. पौगंडात मात्र टेस्टोस्टेरॉनच बरेच काम निभावते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही, हेही लक्षात आले. तेच विकर अडवणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये केस गळण्यासाठी बाजारात आले. मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात आज ते मिळते.

रुग्णाने दिले खूप, पण त्याला विचारले किती, हा प्रश्नही या इतिहासात आहे. अठराव्या शतकातला चार्ल्स बर्न हा आयरिश माणूस सुमारे साडेसात फूट उंच होता. लोक पैसे देऊन त्याला पाहायला येत. आपल्या प्रेताची चिरफाड होईल या भीतीने त्याने समुद्रात दफन करण्याची इच्छा सांगून ठेवली होती. १७८३ मध्ये तो गेला, आणि शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी पैसे चारून त्याचे शरीर मिळवले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्याचा सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाशी जोडलेला राहिला. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग यांनी कवटी उघडून वाढीचे हार्मोन स्रवणाऱ्या पिट्यूटरीची खोबण मोठी असल्याचे पाहिले. २०११ मध्ये मार्टा कोर्बोनिट्स यांच्या गटाने दातांतून डीएनए काढले आणि एआयपी जनुकातला बदल दाखवला. तोच बदल आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांत आहे. त्या कुटुंबांतल्या मुलांना वेळीच तपासता येते, हा त्याचा खरा लाभ. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडताना सांगाडा प्रदर्शनातून काढला; संशोधनासाठी तो जपून ठेवला आहे. ज्ञान मिळाले म्हणून मृताची इच्छा डावलणे क्षम्य ठरत नाही. आज रुग्णाचा वृत्तांत छापण्याआधी त्याची लेखी संमती घेतली जाते, ती याच अनुभवांतून आलेली शिस्त आहे.

उंचीच्या विरुद्ध टोकाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. वाढीच्या हार्मोनचा स्राव मेंदूतून येणाऱ्या एका संदेश-हार्मोनच्या हुकमाने होतो. त्याच्या ग्राहीत दोष असलेले खुजे उंदीर प्रयोगशाळांत माहीत होते, माणूस माहीत नव्हता. १९९६ मध्ये भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांत तसाच दोष आढळला. दोन वर्षांनी सिंधमधल्या एका मोठ्या गोतावळ्यात नेमका तोच जनुकबदल सापडला. तिथले बाधित पुरुष सरासरी १३० सेंटिमीटर उंचीचे, पण प्रमाणबद्ध शरीराचे आणि बुद्धीने सर्वसाधारण होते. पुढे मुंबईत मीना देसाई आणि सहकाऱ्यांना पश्चिम भारतातल्या वाढ खुंटलेल्या मुलांतही तो दिसला. एकाच प्राचीन पूर्वजाकडून हा बदल उपखंडात पसरला असावा, असे मानले जाते. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो.

या मुलांना वाढीचे हार्मोन बाहेरून दिले तर ती वाढतात, कारण त्यांच्या शरीरात ते हार्मोन ओळखणारे ग्राही शाबूत असते. इस्राएलमध्ये झ्वी लारॉन यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या मुलांचे उलटे आहे: त्यांच्या रक्तात वाढीचे हार्मोन उदंड, पण त्याचे ग्राहीच बिघडलेले, म्हणून तो उपचार त्यांना लागू पडत नाही. बाहेरून दोन्ही मुले सारखीच बुटकी दिसतात. फरक फक्त तपासणीत कळतो, आणि तो वाढचकत्या मिटण्याआधी कळला तरच उपयोगाचा. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल दर वर्षी साधारण पाच सेंटिमीटर तरी वाढते. त्याहून कमी वाढत असेल तर आमच्या घरात सगळेच बुटके म्हणून सोडून देऊ नये. उंचीच्या नोंदी तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि त्या घेऊन मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.